वासरांची झाडं

ग्रामसभेत मी 'अभयारण्य' हा शब्द उच्चारला.

एवढंच केलं. मला बोलायचं नव्हतं, बोलायला कुणी सांगितलंही नव्हतं. माझ्याकडे काम होतं फक्त प्रोजेक्टर लावायचं. पण माईक हाताशी होता, समोर माणसं बसली होती, आणि बँकेत तीस-एक वर्षं आतल्या खोलीत काढलेल्या माणसाला समोर माणसं बसलेली दिसली की काय होतं ते तुम्हाला कळणार नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी मागून माझा शर्ट ओढला. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी आणखी रंगलो.

त्या भाषणाचं पुढे काय झालं ते येईलच. आधी बाईंबद्दल सांगतो, कारण त्यांच्याबद्दल सांगायलाच बसलोय.

डॉ. विशाखा कांबळे. गुरांच्या डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या सोमवारपासून त्याच गावांत त्याच गुरांना त्याच सुया टोचत फिरायला लागल्या. राहायला कल्याण पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. घरात एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि समोरच्या भिंतीवर एका म्हशीचा फोटो. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या भिंतीवर गुरू. ह्या भिंतीवर पहिली पेशंट. मधे मी जेवते."

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. लेप्टोचा ताप. गोठ्यातल्या पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला जो ताप येतो, तोच आला. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत होत्या, पाण्यात जाताना बूट घाला. स्वतःही घालत होत्या. एक बूट फाटलेला होता.

त्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत एका गाईच्या पोटात होता.

आम्ही डोंबिवलीचे काही हौशी लोक दर रविवारी कॅमेरे घेऊन पाखरं टिपायला जायचो. माझा कॅमेरा सगळ्यांत महाग, आणि नजर सगळ्यांत स्वस्त. आमच्या घरच्या मंडळींचं मत असं, की "गॅसवरचं दूध उतू जाताना ज्याला दिसत नाही, त्याला झाडावरचं पाखरू काय दिसणार?" तरी मी जायचो. त्या रविवारी शहापूरच्या पलीकडे, आंबेखांड नावाच्या गावाच्या गुरचरणावर गेलो होतो. गुरचरण म्हणजे गावाच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. इथे ती नुसती माळ नव्हती. उतारावर साग, ऐन, मोह, धावडा अशी जुनी, अंतर राखून उभी असलेली झाडं, आणि खाली गुरांनी कातरलेलं गवत. आम्हाला बातमी लागली होती की तिथे रानपिंगळा आहे.

रानपिंगळा म्हणजे घुबडातलंच एक छोटं, मुठीएवढं पाखरू. घुबड असून दिवसा शिकार करतं. उन्हात उघड्या फांदीवर बसतं, शेपटी हलवतं, आणि जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय. गावात विजेच्या खांबावर बसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. हे मला पाठ होतं. म्हणून मी विजेच्या खांबावरचा, डोकंभर ठिपके असलेला पिंगळा पाहून "रानपिंगळा!" असं ओरडलो, आणि सगळा ग्रुप माझ्यामागे धावला. त्यानंतर माझ्याशी कुणी बोलेना. एकाने पिशवीतून स्पीकर काढला आणि रानपिंगळ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला, म्हणजे खरा पक्षी भांडायला बाहेर येईल.

तेव्हा झाडाखालून आवाज आला, "तो डबा बंद करा."

गमबूट, सलवार-कमीज, केसांना रबरबँड, आणि एक हात गाईत. स्पीकरवाला म्हणाला, "मॅडम, हा ओपन एरिया आहे."

"आहे ना. म्हणूनच सांगते." बाईंनी मान वळवलीसुद्धा नाही. "ही दुसरी गाय बघा, लाळ गाळतेय. लाळ्या-खुरकूत असली तर तुमच्या टायरला चिकटून डोंबिवलीपर्यंत जाईल. मी चुना मागवलाय. तो येईपर्यंत गाड्या, बूट आणि कॅमेरे इथेच राहतील. जाताना सगळं धुऊन देऊ."

कॅमेरे धुऊन देऊ, हे ऐकल्यावर पुढे काही शिल्लक राहिलं नाही. मी त्या वेळी करवंदीच्या जाळीमागे गेलो होतो, कशाला ते सांगत नाही. बाहेर आलो तर माळावर धूळ होती, आणि मला घेऊन आलेली गाडी त्या धुळीत होती.

"खरंच रोग आहे का हो?" मी विचारलं.

"तपासते म्हटलं, आहे म्हटलं नाही. गाय लाळ गाळणार नाही तर काय गाळणार? शेपूट धरा."

"माझी?"

"गाईची."

मी शेपूट धरली. पुढच्या अर्ध्या तासात माझ्या शर्टाचं जे झालं त्यामुळे परत येताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, आणि शेजारची जागा पण. पण वासरू आलं. आडवं अडकलेलं, मेलंच असं गाईच्या मालकाने धरलेलं वासरू, चार पाय गोळा करून उभं राहिलं. मालक म्हणजे हरीभाऊ. अंगाने दांडगा, बोलायला तिरका, गावातला सगळ्यांत मोठा कळप त्याचा. त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला.

"काय द्याचा बाई?"

बाईंनी हात धूत हनुवटीने दाखवलं. "तो ऐन."

मला वाटलं, लाकूड हवंय. घरी फर्निचर करायचं असेल. हरीभाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "पुना झाड? मागल्या टायमाला मव्ह घेतलात. अवो, पैसं घ्या ना!"

"पैसे तू बुडवशील. झाड कुठे पळवशील?"

हीच त्यांची फी होती. अवघड बाळंतपण सोडवलं की मालकाने गुरचरणावरचं एक जुनं, ढोली असलेलं झाड 'द्यायचं'. देणं म्हणजे तोडायचं नाही, फांद्या छाटायच्या नाहीत, त्याच्या बुंध्याशी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब जाळायचा नाही, आणि दर उन्हाळ्याआधी आपली गुरं तिथे आणून खालचं गवत चारून टाकायचं. बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढायचा आणि वासराचं नाव झाडाला द्यायचं. चंद्रीचा ऐन. ढवळ्याचा मोह. एका धावड्याचं नाव तर सरपंच होतं, कारण ते वासरू निवडणुकीच्या दिवशी जन्मलं. झाड सरकारचं, ढोल पाखराची, आणि हमी गाईवाल्याची. असा व्यवहार बँकेत मी आणला असता तर मला सुट्टीवर पाठवलं असतं. इथे तो वर्षानुवर्षं चालला होता, कारण गुरचरणावर ज्याने झाड मोडलं त्याच्या गोठ्यात पुढच्या वेळी बाई आल्या नसत्या, असं सगळ्यांना वाटायचं. त्या आल्या असत्या. पण ते त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

त्याच दिवशी मला रानपिंगळा दिसला. मी शोधला नाही, बाईंनी बोट दाखवलं. वाळक्या फांदीवर, भर उन्हात, पोट पांढरं, डोळे पिवळे, चेहऱ्यावर वसुली अधिकाऱ्याचा भाव. खालून गाय चालली होती. तिच्या पावलापुढून टोळ उडाले, टोळामागे सरडा धावला, आणि रानपिंगळा दगडासारखा पडून सरडा उचलून परत फांदीवर.

"गवत गुडघ्याच्या वर गेलं की त्याला खालचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "उपाशी राहतो. आणि गवत पिंढरीच्या खाली गेलं की झाडाचं एकही पिल्लू वाचत नाही. गुरं हवीत. बकऱ्या नकोत. आणि गुरंसुद्धा एवढीच हवीत." एवढीच म्हणताना त्या हाताने जमिनीपासून एक उंची दाखवायच्या. कुठलंही प्रमाण त्यांनी मला याहून वेगळं सांगितलं नाही.

मग मी त्यांची पिशवी उचलायला लागलो. रविवारचे रविवार. त्यांची मला नेण्याची अट एकच, "बघा, बोलू नका."

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. गुरांशी त्या अहो-जाहो बोलायच्या. "या, उभ्या राहा. टोचणार आहे, रागावू नका." आणि माणसांशी, त्यातही मोठ्या हुद्द्याच्या माणसांशी, सरळ "काय रे". थर्मासमधून कोरा चहा प्यायच्या, त्यात साखरेऐवजी चिमूटभर मीठ. मी एकदा प्यायलो. पाखरं मोजलेली त्यांना आवडायची नाहीत. "पाखरू मोजणारा खुशीत घरी जातो. ढोली मोजणारा काळजीत जातो. मला काळजीतली माणसं हवीत." ढोलीच्या तोंडाची कड गुळगुळीत आहे का, खाली शीट पडलीय का, आत काळोख हलतोय का, हे त्या झाडाखाली मान मोडून बघत राहायच्या.

आणि संध्याकाळी, परतीच्या एसटीची वेळ झाली तरी, गावाच्या वेशीवर थांबून ऐकायच्या. गुरं परत येत असायची. गळ्यातल्या घंटांचा आवाज खालून वर, धुळीतून यायचा. मला वाटायचं, बाईंना संगीताची आवड. पहिल्या वर्षी त्या नुसत्या ऐकायच्या. दुसऱ्या वर्षी एकदा म्हणाल्या, "आवाज पातळ झालाय."

मला तो पूर्वीसारखाच वाटला. पण थोड्याच दिवसांत कळलं की गावातल्या दोन घरांनी गुरं विकली. मुलं भिवंडीच्या गोदामांत कामाला लागली होती, राखणार कोण? मला आनंद झाला. गुरं गेली म्हणजे जंगल वाढणार, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मी कल्याणला उतरून पेढे घेतले आणि तीन मजले चढून बाईंकडे गेलो.

"कशाचे?"

"गुरं कमी झाली, मॅडम! आता आपलं रान मोकळं."

त्यांनी पेढा हातात घेतला, बघितला, आणि परत बॉक्समध्ये ठेवला. अगदी होता त्या जागी. "बर्वे," त्या म्हणाल्या, "मोकळं रान कुणाला हवं असतं, हे कधी बघितलंत का?"

ते बघायला त्या मला ठाण्याला घेऊन गेल्या. तिथल्या महसुलाच्या कचेरीत त्यांना गुरचरणाच्या जमिनीबद्दल साहेबांना भेटायचं होतं. निघताना मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या सकाळी एका गोठ्यात जाऊन आल्या होत्या आणि गमबूट तसेच होते, शेणासकट. मी रिक्षात हळूच म्हटलं, "मॅडम, बूट..." त्या म्हणाल्या, "कामाला येतील." बाहेरच्या बाकावर माणसं सकाळपासून बसलेली. बाई पंख्याखाली जाऊन बसल्या. थोड्याच वेळात शिपाई आत गेला, बाहेर आला, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "कांबळे मॅडम, साहेबांनी तुम्हाला आधी बोलावलंय."

साहेब सज्जन होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, खिडकी उघडली. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "पण मॅडम, उद्या तिथे चरणारी गुरंच दिसली नाहीत, तर ते गुरचरण कशासाठी ठेवायचं, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. म्हणूनच मला बाहेर आल्यावर घाम फुटला. बाई जिन्यावर थांबल्या. पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या. "कळलं? पाखरू वाचतं ढोलीमुळे. ढोल वाचते झाडामुळे. झाड वाचतं जमिनीमुळे. आणि ती जमीन गुरांच्या नावावर उभी आहे. गाय विकली गेली की मला वाटतं, एक खांब काढला."

त्याच महिन्यात गुरचरणाच्या कडेला, गवतात, जमीन मोजताना ठोकतात तशा, तांबडी टोकं रंगवलेल्या खुंट्या दिसल्या. कुणी ठोकल्या, कुणालाच माहीत नव्हतं. हरीभाऊने एक उपटली आणि गाय बांधायला घरी नेली. आठवड्याने त्याच जागी दुसरी होती.

म्हणून ग्रामसभा. बाईंनी महिनाभर घरोघरी जाऊन जमवलं होतं की गावाने एकमुखाने ठराव करायचा, हे गुरचरण आम्हाला गुरांसाठी हवंय, आमची गुरं इथेच चरतात आणि चरतील. पाखराचं नाव काढायचं नाही. गवत, पाणी, लसीकरण, बस. मी प्रोजेक्टरवर गुरांच्या रोगांची चित्रं दाखवायची. चित्रं संपली. बाई उठणार, तेवढ्यात माईक माझ्या हातात होता.

"बंधू-भगिनींनो," मी म्हणालो, आणि शेवटचं चित्र लावलं. रानपिंगळ्याचं. मीच काढलेलं, पहिल्यांदाच न हललेलं. "हे जगातलं दुर्मीळ पाखरू तुमच्या दारात आहे! उद्या जगभरातून लोक इथे येतील. उद्या इथे अभयारण्यसुद्धा होऊ शकतं!"

माणसं पडद्याकडे बघायला पुढे वाकली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "ता तर घुबाड हाय."

हरीभाऊ उभा राहिला. "म्हंजे गुरा बंद?"

"नाही, नाही! लगेच नाही," मी घाईघाईने म्हणालो. "टप्प्याटप्प्याने."

शर्ट इतक्या जोरात ओढला गेला की खालचं बटण तुटलं. पण तोपर्यंत माणसं उठली होती. बाई बोलल्या, चांगल्या बोलल्या, पण पाठींशी बोलल्या. ठराव राहिला. सगळ्यांत मागे, दरवाजाशी, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. गावातला नव्हता. त्याने माझ्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. त्या सभेत टाळ्या वाजवणारा तो एकटाच.

एसटीत बाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कल्याण आलं, उतरलो, रिक्षा स्टँडवर थांबल्या.

"बर्वे, बँकेत तुम्ही काउंटरवर होतात का?"

"नाही, आत होतो."

"बरोबर आहे. बँकेला अक्कल होती."

यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर चंद्रीच्या ऐनाची ढोल दिसेना. झाड तेच, पट्टा तोच, पण वर जिथे काळं तोंड होतं तिथे लाल गुळगुळीत माती. कुणीतरी शिडी लावून दगड भरले होते आणि वरून लिंपलं होतं. ढवळ्याचा मोहही तसाच. सरपंचसुद्धा. पाखरू नाही तर अभयारण्य नाही, इतका सरळ हिशोब. तो त्यांना मी शिकवला होता. एका बुजवलेल्या ढोलीजवळच्या फांदीवर रानपिंगळ्याची मादी बसली होती. ओरडत नव्हती. नुसती त्या मातीकडे बघत होती. आत अंडी होती की नव्हती, ते कळायला उशीर झाला होता.

मी पोलीस म्हणालो, वनखातं म्हणालो, बरंच काही म्हणालो. बाईंनी लिंपणावर बोट फिरवलं. "हात चांगला आहे," म्हणाल्या. "गावात इतकं गुळगुळीत एकच माणूस लिंपतो."

मग त्या शिडी मागायला गावात गेल्या. हरीभाऊच्या घरी. त्याच्या घराच्या भिंती लाल मातीने लिंपलेल्या होत्या, आरशासारख्या. मी त्या भिंतींकडे बघत उभा राहिलो आणि मला जे कळलं ते तोंडावर आलं असणार, कारण बाईंनी माझा पाय गमबुटाने दाबला. हरीभाऊ ओट्यावर बसून होता, वर बघत नव्हता. गोठ्यात त्याची म्हैस उभी होती, कास सुजून दगड झालेली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"परवापासना."

"मग मला फोन का नाही केलास?"

बाईंनी पिशवी उघडली, बाही वर केली आणि म्हशीशेजारी बसल्या. "घाबरू नका हं," म्हशीला म्हणाल्या. दुपार गेली त्यात. निघताना हरीभाऊने विचारलंच नाही काय द्यायचं म्हणून, आणि बाईंनीही काही मागितलं नाही. शिडी तेवढी घेतली. ढोली उकरून काढायला आम्हाला संध्याकाळ झाली. मी शिडी धरली होती, म्हणजे बाईंच्या मते शिडीने मला धरलं होतं.

काही ढोलींत पाखरं परतली. काहींत नाही. पण घंटा थांबत गेल्या. चराई बंद होणार ही बातमी गावात पक्की झाली होती, आणि बंद व्हायच्या आत विकून टाका, भाव बरा येतो, असं सांगणारा पांढऱ्या शर्टातला माणूस आता चहाच्या टपरीवर रोज दिसायचा. मला ओळख द्यायचा. नमस्कार करायचा. पुढच्या दिवाळीपर्यंत हरीभाऊचासुद्धा कळप निम्म्यावर आला. त्या पावसाळ्यात गुरचरणावर गवत असं वाढलं की मी आत शिरलो तर माझी टोपी तेवढी दिसायची. लोक म्हणायचे, काय हिरवंगार झालंय! बाई त्या गवताकडे बघायच्या तसं मी कुणाला साठवलेल्या रॉकेलकडे बघताना पाहिलंय.

"गुरांनी खाल्लेलं गवत पेटत नाही," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी गाई विकत घेतल्या. पेन्शनमधून, चार भाकड गाई, कुणी घेत नव्हतं त्या. हरीभाऊच्या गोठ्यात ठेवल्या. हिवाळाभर आठवड्यातले चार दिवस त्या कल्याणहून येऊन त्या चौघींना एकेका झाडाखाली लांब दोरीने बांधायच्या. दोरीच्या घेराइतकं गवत खाल्लं गेलं की पुढचं झाड. झाडाभोवती तेवढीच उघडी जागा, आग आली तर थांबायला. पण चार तोंडांनी किती खायचं? झाडं निवडावी लागली. कुठल्या झाडाखाली गाय बांधायची आणि कुठलं सोडायचं, हे ठरवताना बाई एकेका झाडाला दोन-दोन फेऱ्या मारायच्या. मला एकदा त्यांनी एका गाईची जबाबदारी दिली. गाय मला घेऊन ओढ्यापर्यंत गेली. त्यानंतर मला फक्त पाणी आणायचं काम उरलं. गाव पारावर बसून हे बघायचं. हसायचं. पण बाईंना हसत नव्हतं, ते मला नंतर कळलं.

त्यानंतर बाई मला पुष्कळदा भेटल्या, फोनवर रागावल्या, शेवटी हॉस्पिटलातही पाहिलं त्यांना. पण ते दर्शन मी शेवटचं धरत नाही. माझ्या लेखी शेवटचं दर्शन त्या शिमग्यातल्या दुपारचं.

ऊन असं होतं की गवत आपोआप कुरकुरत होतं. आम्ही सरपंच नावाच्या धावड्याखाली गाई बांधत होतो. बाईंनी मान वर केली, वास घेतला. मग मला धूर दिसला. उताराच्या खालच्या टोकाला एक, आणि फार वेळ न जाता पार दुसऱ्या बाजूला दुसरा. वारा नव्हता. एक आग दोन ठिकाणी आपोआप लागत नाही, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं.

बाईंनी गाईंच्या दोऱ्या कापल्या आणि त्यांना गावाच्या दिशेने हाकललं. मी आणलेलं पाणी ओढणीवर ओतलं, ती नाकातोंडावर बांधली. निरगुडीची एक हिरवी फांदी मोडली.

"मॅडम, चला!" मी ओरडलो.

"तुम्ही चला. गावात जा, माणसं आणा. पळा. आणि बर्वे," ओढणीतून आवाज आला, "भाषण नको."

मी पळालो. वळून बघितलं तेव्हा धूर चंद्रीच्या ऐनापर्यंत आला होता, आणि गाईंनी खाल्लेल्या त्या उघड्या गोलाच्या कडेवर एक बुटकी बाई गमबुटात उभी राहून फांदीने आग झोडपत होती. एक फटका, एक पाऊल डावीकडे, एक फटका. धावपळ नाही. इंजेक्शन देताना असायची तसलीच सावकाश. वर फांदीवर काहीतरी मुठीएवढं बसलं होतं, आणि उडत नव्हतं. मग धूर मधे आला आणि दोघंही दिसेनाशी झाली.

पारावर माणसं बसली होती. त्यांना धूर दिसत होता. चारही गाई त्यांच्यासमोरून दोऱ्या फरफटत गेल्या होत्या. पांढरा शर्ट टपरीवर चहा पीत होता. मला दम लागला होता, आणि भाषण करायचं नाही हे लक्षात होतं, म्हणून मी नुसतं मागे बोट दाखवलं. कुणी हललं नाही.

मग हरीभाऊ उठला. कुणाकडे न बघता त्याने पाराजवळची फांदी कडकन मोडली. त्याच्यामागे त्याचा भाऊ उठला, मग टपरीवरची दोघं, मग भिंतीला टेकलेली पोरं. कुणी पोती भिजवली, कुणी कोयते घेतले. माझ्यात एकदम बळ आलं. मीही एक फांदी ओढून काढली, जरा मोठीच, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

हरीभाऊने माझ्या हातातली फांदी काढून घेतली आणि शेजारच्या पोराला दिली.

"तुमी हितंच बसा," तो म्हणाला. "बाई एकली हाय म्हनून पोरा उठलीत. तुमी म्होरं दिसलात, तं परत खाली बसतील."